कोरियन ब्रंचला काय मागवावं: आधी भात आणि सूप, मग बाकीचं

प्रश्न असा आहे: रविवारी सहा जण एका मॉडर्न कोरियन रेस्टॉरंटमध्ये ब्रंचला जाणार आहेत. आई शाकाहारी आहेत, बाबांना तिखट सोसत नाही, बरोबर तीन वर्षांची मुलगी आहे. मेनूवर ठळक अक्षरांत गोचुजांग हॉलंडेजचं एग्ज बेनेडिक्ट (मफिनवरची अंडी, वर कोरियन मिरचीची पेस्ट घातलेला लोण्याचा सॉस), फ्राइड चिकन आणि वॉफल, किमची (आंबवलेली भाजी) घातलेला फ्राइड राइस असं आहे. खाली बारीक अक्षरांत तीन-चार सूप, एक जूक (तांदळाची पेज) आणि 'पॉट राइस' दिलंय. काय मागवावं, आणि जागा खरंच चांगली आहे की नुसती फोटोपुरती, हे कसं ओळखावं?

मी कोरियन स्वयंपाकघरांत बरीच वर्षं काम करतोय आणि शनिवार-रविवारची सकाळची पाळी माझ्याकडेच असते. त्यामुळे सरळ सांगतो: वाचायला सुरुवात त्या बारीक अक्षरांपासून करा. स्वयंपाकघराचं खरं कसब बहुतेक वेळा तिथेच असतं.

याचं कारण कोरियन जेवणाच्या मांडणीत आहे. तिथल्या पारंपरिक घरात सकाळचं आणि रात्रीचं जेवण यांत पदार्थांचा फारसा फरक नसतो. भात, सूप, किमची आणि सोबत चार छोट्या वाट्यांत बानचान, म्हणजे तोंडी लावणी. सकाळी जरा हलकं, रात्री जरा भरघोस, इतकंच. आता शहरांतली बरीच मंडळी सकाळी ब्रेड-कॉफीवर निघतात हे खरं, पण न्याहारीच्या पदार्थांचा वेगळा कप्पा या स्वयंपाकात मुळात नाही. खुद्द सोलमध्येही इतेवॉन किंवा हान्नामदोंगच्या भागात ब्रंच म्हटलं की पॅनकेक, अंडी, अव्होकाडो टोस्ट असंच पुढ्यात येतं. त्यामुळे कोरियन रेस्टॉरंटला ब्रंच सुरू करायचा झाला तर दोन वाटा असतात. एक, पाश्चात्त्य ब्रंचच्या ओळखीच्या पदार्थांना कोरियन चव लावायची. दुसरी, आपली सकाळच नीट मांडून टेबलावर आणायची. पहिली वाट सोपी, कारण तिथलं बरंचसं काम सॉस करतो. दुसरीला आदल्या रात्रीपासून तयारी लागते: हाडं उकळत ठेवायची, तांदूळ वेळेवर भिजवायचे, भाज्या सकाळी उकडून पिळायच्या. पैसे खर्च करून बाहेर जायचं तर या दुसऱ्या कामासाठी जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

'मॉडर्न कोरियन' म्हणजे काय तेही थोडक्यात सांगतो, कारण या नावाखाली सध्या काहीही खपतं. या प्रवाहाला मोठं बळ देणाऱ्यांत जंगसिक हे रेस्टॉरंट येतं. ते २००९ मध्ये सोलमध्ये सुरू झालं, २०११ मध्ये न्यूयॉर्कला गेलं, आणि तिथल्या शाखेला डिसेंबर २०२४ मध्ये मिशेलिनचे तीन तारे मिळाले. सोलमधल्या मिंगल्सचे शेफ कांग मिनगू यांनी तर द्वेनजांग (सोयाबीनची पेस्ट), कानजांग (सोया सॉस) आणि गोचुजांग (मिरचीची पेस्ट) हे आंबवलेल्या सोयाबीनचे तिन्ही आधार, म्हणजे जांग, थेट गोड पदार्थांतही आणले. या जागा ब्रंचच्या नाहीत, तिथे ठरलेला अनेक पदार्थांचा मेनू असतो. पण त्यांनी लावलेली एक शिस्त हळूहळू लहान रेस्टॉरंटांपर्यंत पोचली: जांग चांगलं हवं, आणि ते पदार्थाच्या मुळाशी हवं, वरून ओतलेलं नको. दक्षिण कोरियातल्या जांग बनवण्याच्या परंपरेला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली, त्यामागेही हीच गोष्ट आहे. महिनोन्‌महिने मुरणाऱ्या त्या मडक्यांशिवाय हा स्वयंपाक उभाच राहत नाही.

आता टेबलावर या. बसल्यावर सगळ्यांत आधी बानचान येतं आणि परीक्षा तिथेच होते. पालकाचं नामूल, म्हणजे उकडून कालवलेली भाजी, असेल तर वाटी जरा तिरकी करून बघा. पालक क्षणभर उकळत्या पाण्यात घालून, लगेच गार पाण्यात काढून, मुठीत घट्ट पिळून मग लसूण, सोया सॉस आणि तिळाच्या तेलात हातानं कालवतात. नीट पिळलेला आणि त्याच सकाळी केलेला असेल तर वाटीच्या तळाशी पाणी नसतं, तेलाची नुसती चमक असते. तळाशी हिरवट पाणी साचलं असेल तर तो आदल्या दिवसाचा आहे किंवा पिळण्यात घाई झालीय. मोड आलेल्या सोयाबीनच्या नामूलची दांडी करकरीत लागली पाहिजे आणि वरचं पिवळं डोकं शिजलेलं पाहिजे. ते कच्चं राहिलं तर उग्र वास येतो आणि तो लपवता येत नाही.

किमची चाखताना तिखटपणाकडे दुर्लक्ष करा आणि आंबटपणाकडे लक्ष द्या. ताजी कालवलेली किमची गोडसर, करकरीत आणि हिरव्या वासाची असते. मुरलेली किमची आंबट असते आणि जिभेवर बारीक चुणचुण करते, कारण आंबवणाऱ्या जिवाणूंनी तयार केलेला वायू तिच्या रसात असतो. दोन्ही चांगल्याच. वाईट असते ती मधल्या कुठल्याही अवस्थेत नसलेली किमची: मऊ पडलेली, नुसती खारट, व्हिनेगरनं आंबट केलेली. कुणी सांगितलं की किमची आम्हीच घालतो, तर ती किती दिवस मुरलीय तेवढं विचारा. ज्याला काळजी आहे तो उत्साहानं सांगतो.

कोरियात बानचान संपलं की पुन्हा विनामूल्य आणून देतात. मॉडर्न जागांमध्ये मात्र काही वेळा बानचानचा वेगळा ताट-संच मेनूवर किमतीसह असतो. आधी विचारलेलं बरं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

भाताबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मेनूवरचा 'पॉट राइस' म्हणजे सोतबाप आहे आणि माझ्या मते तीच त्या मेनूवरची सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. छोट्या जाड बुडाच्या भांड्यात एका टेबलापुरता भात मागणीनुसार शिजवतात. तांदूळ आखूड दाण्याचा, आधी भिजवून निथळलेला. पाण्याऐवजी पुष्कळदा समुद्री केल्पचा, म्हणजे दासिमाचा अर्क घालतात. वरून अळंबी, रताळं, चेस्टनट किंवा मासा. शिजून मुरायला वेळ लागतो, म्हणून टेबलावर बसताक्षणी आधी हीच ऑर्डर द्या. बाकीचं नंतर ठरवा. भांडं आलं आणि झाकण उघडलं की दाणे उभे आणि चमकदार दिसतात. उलथनं बाजूनं खाली घालून भात हलकेच उलटायचा, दाबायचा नाही, आणि सगळा वाट्यांत काढून घ्यायचा. बुडाशी खरपूस थर चिकटून राहतो, त्याला नुरुंगजी म्हणतात. तो खरवडू नका. वाढणारे त्यात गरम पाणी किंवा सातूचा चहा ओततात आणि झाकण परत लावतात. जेवण संपेपर्यंत तो थर सुटतो, पाण्याला भाजलेल्या धान्याचा वास येतो, आणि ते सुंग्न्युंग शेवटी चमच्यानं प्यायचं. तिखट-खारट खाल्ल्यानंतर तोंड इतकं स्वच्छ दुसऱ्या कशानं होत नाही. वाढणाऱ्याला ही पद्धत माहीत नसेल, आणि तो नुरुंगजीसकट भांडं उचलून न्यायला लागला, तर त्याला थांबवा.

सूप हा या सकाळचा दुसरा खांब. कोरियात आदल्या रात्रीच्या दारूचा अंमल उतरवायला सकाळी प्यायची सूपं आहेत, त्यांना एकत्रितपणे हेजांगगूक म्हणतात. त्यांतलं जॉन्जू शहराचं कोंगनामूल गूकबाप मला ब्रंचसाठी सर्वांत योग्य वाटतं: सोयाबीनचे मोड, भात, पातळ आणि स्वच्छ चवीचा रस्सा, सगळं तुकबेगी नावाच्या मातीच्या भांड्यात. सोबत एका वाटीत अर्धवट शिजलेलं अंडं येतं. त्यात रश्श्याचे दोन-तीन चमचे घालायचे, भाजलेलं सीवीड चुरून टाकायचं आणि ते आधी खायचं. जॉन्जूमध्ये याच्याबरोबर मोजू देतात. माकगॉलीत, म्हणजे तांदळाच्या गढूळ दारूत, दालचिनी, आलं, खजुरासारखी दिसणारी जुजुबं घालून उकळलेलं ते गोडसर पेय असतं आणि उकळल्यामुळे त्यात अल्कोहोल जेमतेम उरतं. कुठल्या मेनूवर मोजू दिसलं तर तिथल्या कुणीतरी कोरियन सकाळचा नीट विचार केलाय असं समजा.

बाबांसाठी सॉल्लॉंगतांग असेल तर दुसरं काही शोधू नका, अर्थात ते बीफ खात असतील तर. बैलाची हाडं आधी पाण्यात ठेवून रक्त काढतात, मग तासन्‌तास उकळतात, तेव्हा तो दुधासारखा पांढरा रस्सा तयार होतो. त्यात मिरची नसते आणि मीठही नसतं. मीठ आणि चिरलेली पात टेबलावर ठेवलेली असते, ती आपल्या चवीनं घालायची. अनेक जण हे न कळल्यामुळे पहिल्याच चमच्याला 'बेचव आहे' म्हणून वाटी सरकवतात.

तिखटाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा: रंगावरून अंदाज बांधू नका. गोचुजांग लालभडक दिसतं, पण त्यात चिकट तांदूळ आणि सातूचं माल्ट असल्यामुळे ते बऱ्यापैकी गोड असतं. उलट एखाद्या पारदर्शक सूपमध्ये चॉंगयांग जातीच्या हिरव्या मिरचीचे चार काप तरंगत असतील तर बाबांच्या डोळ्यांत पाणी येईल. 'तिखट आहे का' या प्रश्नाला वाढणारे स्वतःच्या जिभेवरून उत्तर देतात. त्याऐवजी 'यात चॉंगयांग मिरची आहे का, आणि ती काढता येईल का' असं विचारा. सोया सॉसवर आधारलेले पदार्थ, म्हणजे बुलगोगी (मुरवून भाजलेलं बीफ), काल्बी-जिम (मंद शिजवलेल्या बरगड्या), जापचे (रताळ्याच्या स्टार्चच्या नूडल्स), बाबांना निर्धास्त चालतील.

आईंचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो हसून टाळण्यासारखा नाही. कोरियन जेवणात भाज्या भरपूर असतात, तरी मांस-मासे अशा ठिकाणी असतात जिथे ते दिसत नाहीत. किमचीत मिठात मुरवलेला जवळा किंवा माशाचा सॉस असतो. बहुतेक सूप आणि जिगे (दाट रस्सेदार पदार्थ) यांचा रस्सा सुक्या अँकोव्हीचा, म्हणजे छोट्या माशांचा असतो, मग वर नुसतं टोफू का असेना. सुनदुबू जिगे हे त्याचं ठळक उदाहरण: नाव मऊ टोफूचं, आणि आत बरेचदा शिंपल्या. भाजीच्या बिबिंबापबरोबर (भातावर भाज्या रचून कालवून खायचा पदार्थ) येणारं गोचुजांग कधी कधी बीफचा खिमा घालून परतलेलं असतं. म्हणून 'व्हेजिटेरियन आहे का' एवढं विचारून थांबू नका. 'रस्सा कशाचा आहे, किमचीत जवळा किंवा फिश सॉस आहे का, गोचुजांग साधं आहे का' हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा, आणि तेही आदल्या दिवशी फोन करून. रविवारी साडेबाराला भरल्या सेवेत वाढणाऱ्यानं आत येऊन विचारलं तर त्याला घाईचं उत्तर मिळण्याचा धोका असतो. आदल्या दिवशी कळलं तर दासिमा आणि सुक्या शिताके अळंबीचा रस्सा वेगळा काढून ठेवणं कुठल्याही चांगल्या स्वयंपाकघराला जड नाही.

हे काही नवं तंत्रही नाही. कोरियातल्या बौद्ध मठांचा स्वयंपाक शतकानुशतकं मांस-मासे वर्ज्य करून चालत आला आहे, त्यात लसूण आणि कांद्याची पातसुद्धा नसते. बेकयांगसा मठाशी जोडलेल्या भिक्षुणी जॉंग क्वान यांच्या स्वयंपाकानं तर जगभरच्या शेफना विचार करायला लावलंय. मेनूवर मठाच्या पद्धतीची एखादी थाळी असेल तर आईंसाठी ती डोळे मिटून घ्या. कांदा-लसूण टाळणाऱ्यांनाही ती चालते, फक्त हे रेस्टॉरंट ती परंपरा पूर्ण पाळतं का एवढं विचारून घ्या.

छोटीसाठी जूक, म्हणजे तांदळाची पेज, उत्तम. भोपळ्याचं होबाकजूक गोडसर असतं आणि मुलं ते आनंदानं खातात. पण त्यात चिकट तांदळाच्या पिठाच्या छोट्या गोळ्या घातलेल्या असू शकतात. तीन वर्षांच्या मुलीला त्या सबंध देऊ नका, घशाला चिकटतात. काढून टाका किंवा घालूच नका म्हणून सांगा. आणि तुकबेगी तिच्या हाताच्या टप्प्यात ठेवू देऊ नका. ते मातीचं भांडं उष्णता इतकी धरून ठेवतं की टेबलावर आल्यावरही रस्सा उकळत असतो.

अंडं हवंच असेल तर बेनेडिक्टऐवजी ग्येरान-जिम, म्हणजे वाफवलेलं अंडं, मागवा. अंडी आणि रस्सा फेटून तुकबेगीत घालतात, सतत ढवळत अर्धवट घट्ट करतात, मग आच मंद करून वर दुसरी वाटी पालथी घालतात. वाफेनं ते काठाच्या वर घुमटासारखं फुगतं. टेबलावर येताना ते थरथरत असतं आणि पाहता पाहता बसतं, त्यामुळे फोटोसाठी सगळ्यांना थांबवू नका, चमचे घाला. आत ते ओलसर, जाळीदार आणि मऊ हवं. कोरडं आणि गंधकाच्या वासाचं असेल तर जास्त शिजलंय. यातही रस्सा अँकोव्हीचा आणि मीठ जवळ्याचं असतं. आई अंडं खात असल्या तरी हे त्यांच्यासाठी वेगळं करून घ्यावं लागेल.

गोचुजांग हॉलंडेजबद्दल माझी तक्रार चवीची आहे. हॉलंडेजमध्ये लोणी भरपूर, गोचुजांगमध्ये गोडवा भरपूर, आणि दोघांना तोलायला आंबट काहीच पुरेसं नसतं. पहिला घास छान लागतो, अर्ध्या प्लेटमध्ये जीभ थकते. काही जागी खाली मफिनऐवजी भाजलेली भाताची वडी आणि वर आंबट मुळ्याचे काप देतात, तिथे मात्र हे जमून जातं. वॉफलवरचं चिकन घ्या, वॉफल सोडा. कोरियन फ्राइड चिकनमध्ये खरं कसब आहे: बटाट्याच्या स्टार्चचं पातळ आवरण, एकदा तळून निववणं, मग जास्त तापलेल्या तेलात दुसऱ्यांदा तळणं. त्यानं कातडीतली चरबी आणि ओल निघून जाते आणि सॉस लावल्यावरही कुरकुरीतपणा टिकतो. वॉफलची वाफ आणि सिरप त्याच कुरकुरीतपणावर पाणी फिरवतात. चिकन एकटं मागवा, सोबत पांढऱ्या मुळ्याचं आंबटगोड लोणचं मागा.

किमची फ्राइड राइस साधा पदार्थ आहे, पण तो चांगला जमलेला असेल तर स्वयंपाकघरावर विश्वास ठेवा. त्याला चांगली आंबलेली किमची आणि गार झालेला भात लागतो, आणि किमची आधी तेलात परतून तिचा कच्चा आंबटपणा उतरवावा लागतो.

मग सहा जणांसाठी मी काय मागवीन? बसताच अळंबीचा सोतबाप, सगळ्यांत मिळून. एक सॉल्लॉंगतांग, एक कोंगनामूल गूकबाप, छोटीला होबाकजूक. आईंना दगडी भांड्यातला भाज्यांचा बिबिंबाप, साध्या गोचुजांगसह. तो आल्याआल्या कालवू नका, भात बुडाशी चरचरत जरा खरपूस होऊ द्या. मध्ये वाटून खायला ग्येरान-जिम, चिकन आणि एक पाजॉन, म्हणजे कांद्याच्या पातीचं धिरडं. पाजॉनच्या कडा कुरकुरीत आणि पात सबंध दिसायला हवी. पीठच पीठ असेल तर ते परत पाठवण्याइतकं वाईट नाही, पण पुन्हा मागवण्याइतकं चांगलंही नाही. प्रत्येकाची स्वतंत्र प्लेट या पद्धतीनं हे जेवण खुलत नाही. भात आणि सूप ज्याचं त्याचं, बाकी सगळं मधोमध.

प्यायला ओमिजा या आंबट बोरांसारख्या लाल फळांचं गार पेय, तिखटाबरोबर त्याचा आंबटपणा फार उपयोगी पडतो. ज्यांना चालतं त्यांनी माकगॉली घ्यावी, ती बहुधा ६ टक्क्यांच्या आसपास असते. बाटलीत खाली साका बसतो, तो हलकेच उलटसुलट करून मिसळा. जोरात हलवून झाकण उघडलं तर टेबल धुऊन निघेल. कॉफी जेवण उरकल्यावर.

रीतीभाती फार नाहीत. वडीलधाऱ्यांनी चमचा उचलला की बाकीच्यांनी सुरुवात करायची. भात आणि सूप चमच्यानं, बानचान चॉपस्टिकनं, भाताची वाटी हातात न उचलता. चॉपस्टिक भातात उभ्या खोवू नका, ते मृतांच्या विधीशी जोडलेलं आहे. दुसऱ्याचा पेला आपण भरायचा, वडीलधाऱ्यांना ओतताना दोन्ही हात लावायचे.

वेळ ठरवताना पहिली बैठक मागा. नामूल तेव्हाच कालवलेलं असतं, तळणाचं तेल ताजं असतं, आणि सोतबापची भांडी मोकळी असतात. उशिराच्या बैठकीला सोतबाप संपल्याचं उत्तर सर्रास मिळतं, कारण भिजवलेले तांदूळ मोजकेच असतात. म्हणून शनिवारी दुपारी, सेवा ओसरल्यावर फोन करा आणि एका दमात सांगा: सहा जण, पहिली बैठक, सोतबाप राखून ठेवा, एका व्यक्तीसाठी मासे-मांस नसलेला रस्सा आणि जवळा नसलेली किमची. नसेल जमत तर तसं स्पष्ट सांगायला सांगा. पलीकडून 'थांबा, आत विचारून सांगतो' असं उत्तर आलं तर बुकिंग पक्कं करा.